टाकीचं झाकण

“लाव की हात! त्या दिवशी बरी वळवळ सुटली होती हाताला. आता का मागं सरतीस?”

मामंजींनी हातातला पाना फरशीवर आपटला. तो घरंगळत माझ्या पायापाशी येऊन थांबला. मी तो उचलला नाही. हे, म्हणजे माझे यजमान, गाडीच्या मागच्या चाकाशी खाली मान घालून उभे होते. पायजम्यावर गुडघ्यापर्यंत धूळ होती.

“पुन्हा सहाव्या मैलावर?” मामंजींनी विचारलं.

“होय. नांदुर्कीच्या झाडाच्या जरा अलीकडं.”

“आणि त्या रानातला माल?”

“दुसरा व्यापारी बोलून गेला होता. दिवाणजी म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर वखारीत यायचं कारण नाही.”

मामंजी माझ्याकडं वळले. “ऐकलंस? तुझ्या बापाची विद्या माझ्या लेकाच्या पोटावर आली.”

ही गोष्ट अडुसष्ट सालची. मी एकवीस वर्षांची होते, आज अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. माझे सासरे यशवंत मेस्त्री यांचं गडहिंग्लजमध्ये पत्र्याचं गॅरेज होतं आणि त्याच्याच मागं आमचं घर. यजमान तंबाखूच्या एका वखारीत होते. पहाटे उठून खेडोपाडी जायचं, उभ्या पिकाची पानं बघायची आणि दुसरा कुणी येण्याआधी भाव ठरवून माल बोलायचा, हे त्यांचं काम. त्यासाठी घरची फटफटी होती, लष्कराच्या लिलावातून आणलेली, हिरव्या रंगाची, माझ्याहून वयानं मोठी.

माझे वडील अण्णा मिरजेत मेस्त्री होते. एका पायानं अधू होते, त्यामुळं वाकायचं काम त्यांनी लहानपणापासून मला लावलं. कार्बोरेटर उघडायला मी दहाव्या वर्षी शिकले. “जेटात तार घालायची नाही,” ते म्हणत. “तारेनं भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर जादा पेट्रोल पिते. केरसुणीची काडी घे.” हवेचा स्क्रू फिरवताना ते मला डोळे मिटायला लावत. इंजिन धापा टाकतं कधी, खोकतं कधी आणि मोकळा श्वास घेतं कधी, हे कानानं धरायचं. अजूनही रस्त्यावरनं एखादी जुनी गाडी गेली की माझे डोळे आपोआप मिटतात.

सासरी गॅरेजमध्ये पाऊल टाकायचं नाही, असं लग्नाच्या आठव्या दिवशीच सांगण्यात आलं होतं. ते मी पाळलंही. पण खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामंजी कोल्हापूरला गेले होते आणि हे मला हळूच म्हणाले, “जरा बघतेस का? उभी केली की धापा टाकते.” मी बघितलं. कार्बोरेटर उतरवला, रॉकेलात धुतला, जेट काडीनं साफ केलं, बसवला, डोळे मिटून स्क्रू लावला. गाडी अशी चालू लागली की ह्यांनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

संध्याकाळी मामंजींनी माझी काळी नखं बघितली. काही बोलले नाहीत. गाडी चांगली चालत होती, बोलणार काय?

दसऱ्यानंतर आठवड्याभरात ती सहाव्या मैलावर बंद पडली. मग दोन दिवसांनी पुन्हा तिथंच. मग मात्र मामंजींना बोलायला तोंड मिळालं. त्यांनी कार्बोरेटर पाच वेळा उघडला. फ्लोट बघितला, जेट नवं घातलं, पेट्रोलचा कॉक बदलला. अंगणात गाडी तासभर चाले. पुलापर्यंत नेऊन आणली तरी चाले. आणि सकाळी ह्यांनी रस्ता धरला की सहाव्या मैलावर खोकून गप्प.

“आतनं काहीतरी कायमचं बिघडवून ठेवलंय हिनं,” मामंजी म्हणत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. लोक आत डोकावून माझ्याकडं बघत. मामंजी जेवायला बसले की ताटातली भाकरी वास घेऊन बघत आणि म्हणत, “रॉकेल लागलंय का गं हिला?”

आत्याबाईंची, माझ्या सासूबाईंची तऱ्हा वेगळी होती. त्यांना कार्बोरेटर ठाऊक नव्हता. त्यांना सहावा मैल ठाऊक होता. त्या दगडापाशी पूर्वी कुणी गाडीवान चाकाखाली गेला होता, आणि माझं पाऊल घरात आल्यापासून त्याला जाग आली, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या हाताला गुण आहे, असं गावात मानत. खंडेनवमीला गॅरेजपुढं ट्रक, टॅक्सी, फटफट्या यांची रांग लागे. मामंजींकडं काम नसलेले लोकसुद्धा गाडी घेऊन येत. आत्याबाई नवं लुगडं नेसून तबक घेऊन निघत आणि एकेका गाडीला हळदकुंकू लावत जात. आक्कांचा हात लागला की वर्षभर अपघात नाही, असं ड्रायव्हर म्हणत. त्या एका दिवशी मामंजी त्यांच्या मागं दोन पावलं चालत. उरलेल्या दिवसांत त्यांना त्या घरात “ए” अशीच हाक होती.

गाडी बंद पडू लागल्यावर आत्याबाईंनी मीठमोहरी ओवाळायला सुरुवात केली. मंगळवारी आणि शनिवारी. ओवाळून झालं की गाडीला पुन्हा हळदकुंकू.

“तिला शिवू नकोस,” मी फडकं घेऊन गेले की त्या म्हणत. “तुझ्या हातानंच झालंय.”

“नुसती पुसते, आत्याबाई.”

“पुस. पण वरच्या कुंकवाला हात लावू नकोस.”

कार्तिकातल्या एका सोमवारी मामंजींनी ह्यांना पोस्टकार्ड लिहायला बसवलं. मी चुलीपाशी होते, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“लिही. रविवारी दहाच्या गाडीनं यावं. तुमच्या मुलीनं केलेलं काम तुमच्यासमोर उघडून दाखवणार आहे. चार माणसं असतील. मग मुलीला संगती घेऊन जावं.”

“बाबा, एवढं…”

“लिही म्हणतोय न्हवं?”

ह्यांनी लिहिलं. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं.

मला परत पाठवणार, याची भीती वाटलीच. पण त्याहून जास्त डाचत होतं ते वेगळंच. अण्णांना चार माणसांत उभं करणार होते. लंगडत येतील, धोतराचा सोगा सावरत उभे राहतील आणि कुणीतरी त्यांच्या पुढ्यात त्यांनीच शिकवलेला हात वाईट ठरवील. कार्बोरेटर नीट होता. हे मला जितकं खात्रीनं ठाऊक होतं तितकं दुसरं काही ठाऊक नव्हतं. पण गाडी बंद पडत होती, हेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, हे लवकर घरी आले. मी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, “आज?”

“आजही.”

“बंद पडली की तुम्ही काय करता?”

“काय करणार? टाकी उघडून पेट्रोल बघतो. असतं. झाकण लावतो, किक मारतो. सुरू होते.”

“लगेच?”

“दुसऱ्या किकला.”

“आणि परत येताना?”

“येताना नाक्याजवळ पडते कधीकधी.”

“म्हणजे नांदुर्कीपाशी नाही?”

“नाही. मी बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, जागेचं काय घेऊन बसलास.” त्यांनी तांब्या खाली ठेवला. “शालन, अण्णा आले की तू काही बोलू नकोस. तू बोललीस की बाबा चिडतात.”

मी फडकं घेऊन गाडी पुसायला गेले.

रविवारी अण्णा दहाच्या एसटीनं आले. हातात पिशवी होती. पिशवीत माझ्यासाठी बोरं आणि आत्याबाईंसाठी खण. मामंजींनी खण हातात घेतला नाही, बाकड्याकडं बोट दाखवलं. बाकड्यावर वखारीचे दिवाणजी बसले होते आणि आणखी दोन टॅक्सीवाले. सगळ्यांना चहा आला. अण्णांचा कप शेवटी.

“पावणं, लांबनं आलाय,” मामंजी म्हणाले. “जास्त वेळ घेत न्हाई. ही गाडी. हा तुमच्या लेकीनं उघडलेला कार्बोरेटर. तवापासनं सहा मैलांपुढं जात न्हाई.”

“मी बघू?” अण्णा म्हणाले.

“बघा की. त्यासाठीच बोलावलंय. चारचौघांत बघा.”

मामंजींनी कार्बोरेटर उतरवून वर्तमानपत्रावर मांडला. अण्णांना खाली बसायला वेळ लागायचा. ते भिंतीला धरून बसत असताना एक टॅक्सीवाला हसला. अण्णांनी जेट उचलून उजेडाकडं धरलं, फ्लोट कानाशी हलवून बघितला, सुई नखावर फिरवली. मग प्लग मागितला.

“पांढरा आहे,” ते म्हणाले. “पेट्रोल कमी पोचतंय.”

“मग? तेच तर मी म्हणतोय!”

“पण ह्यात दोष नाही, यशवंतराव. हे काम चांगलं आहे.”

“लेकीचं काम बापाला चांगलंच दिसायचं.” मामंजी बाकड्याकडं वळून हसले. “बघा दिवाणजी. दोष न्हाई, पण गाडी बंद. म्हंजे माझ्या लेकालाच चालवता येत न्हाई म्हणायचं.”

दिवाणजींनी चहाचा घोट घेतला. अण्णांच्या मानेवर घाम आला होता. तरी त्यांची नजर हातातल्या प्लगवरनं इंजिनावर गेली, इंजिनावरनं पेट्रोलच्या नळीवर आणि नळीवरनं वर चढू लागली. ती टाकीवर पोचायच्या आत मी दारातनं पुढं झाले.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “टाकीचं झाकण काढून आणता का जरा?”

आत्याबाई माझ्यामागं उंबऱ्यात उभ्या होत्या.

“मी?”

“तुमच्याच हातचं आहे ते.”

“काय चाललंय गं तुझं?” मामंजी ओरडले.

“आणू द्या की त्यांना, मामंजी. चार माणसांत बघायचंय न्हवं?”

आत्याबाईंनी पदर सावरला, गाडीपाशी गेल्या, झाकण फिरवून काढलं आणि दोन्ही हातांत धरून घेऊन आल्या. ते वरनं लालपिवळं झालं होतं. कडेनं ओघळ खाली उतरून सुकले होते.

“मधे बारीक भोक आहे,” मी म्हणाले. “दिसतंय?”

“न्हाई.”

“नसणारच. खालच्या बाजूनं तोंड लावा आणि फुंका.”

“शालन,” अण्णा हळूच म्हणाले. “दे ते माझ्याकडं.”

“थांबा अण्णा. फुंका, आत्याबाई.”

त्यांनी एकवार नवऱ्याकडं बघितलं, मग झाकणाला तोंड लावलं. त्यांचे गाल फुगले. पेट्रोलच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा फुंकलं. दुसरा टॅक्सीवाला मान पुढं काढून बघत होता.

“जात न्हाई,” त्या म्हणाल्या. हनुवटीला कुंकू लागलं होतं.

मी झाकण घेतलं. अंबाड्यातला आकडा काढला आणि मधोमध टोचला. हळदीकुंकवाचा जाड पापुद्रा खपलीसारखा निघाला. मी फुंकलं. बारीक शीळ वाजली, बाकड्यापर्यंत ऐकू गेली.

“टाकीतनं पेट्रोल खाली उतरायचं तर वरनं तेवढी हवा आत यायला लागते,” मी दिवाणजींकडं बघून म्हणाले, कारण मामंजींकडं बघायचं धाडस नव्हतं. “हवा या भोकातनं येते. ते बुजलं की सहा मैल पेट्रोल उतरतं, मग ओढ बसते आणि थांबतं. हे टाकी उघडून बघायचे तेव्हा हवा आत जायची, म्हणून गाडी पुन्हा सुरू व्हायची. कार्बोरेटर पहिल्यापासनं चांगला आहे.”

“पण हळदकुंकू तर दरवर्षी लावतात,” दिवाणजी म्हणाले.

“दरवर्षी पुढच्या दिव्याला लावतात. आणि कोरडं. औंदा…”

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनीच सांगितलं, अगदी हळू आवाजात. “कोरडं वाऱ्यानं उडून जातंय म्हणून एरंडेलात कालवलं. आणि झाकणावर लावलं, तिथं चालवताना लेकाची छाती येती म्हणून.”

“मग बंद पडायला लागली की?” मी विचारलं.

“मग जास्त लावलं.”

टॅक्सीवाला आधी हसला. मग दिवाणजी. हसताना त्यांच्या बशीतला चहा सांडला. मामंजींनी ह्यांना हुकूम केला, “जोड तो कार्बोरेटर. बारा मैल जाऊन ये.” हे गेले. अण्णा भिंतीपाशीच बसून होते. पाऊण तासानं गाडीचा आवाज आला, एका लयीत, मोकळा. मला डोळे मिटायची गरज पडली नाही.

मामंजी उठले, तरातरा आत गेले आणि कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आले. त्यांनी तो अंगणात भिरकावला. धुळीत लाल फराटा उठला.

“तीस वरसं!” ते ओरडले. “तीस वरसं माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या तूच बंद पाडत आलीस काय गं? पुन्हा गॅरेजात पाय टाकलास तर तंगडं मोडीन!”

पेट्रोलचा कॉक त्यांनीच बदलला होता. झाकण त्यांनीही रोज उघडलं होतं. पण ते कुणी म्हणालं नाही. मी तर नाहीच.

आत्याबाई खाली बसल्या आणि करंडा शोधू लागल्या. करंड्याचं झाकण एकीकडं पडलं होतं, करंडा एकीकडं. मी हलले नाही.

अण्णांना एसटीवर पोचवायला मी एकटीच गेले. आता मला मिरजेला जायचं नव्हतं, हे न बोलताच ठरलं होतं. अण्णा हळूहळू चालत होते. ते पाठीवर हात ठेवतील, असं मला वाटत होतं. स्टँडजवळ आल्यावर ते थांबले.

“कधी कळलं तुला?”

“काय?”

“भोक बुजलंय ते.”

त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. “मंगळवारी.”

मंगळवारी फडकं घेऊन मी गाडीशी गेले, झाकण काढलं, तोंड लावून फुंकलं. हवा गेली नाही. अंबाड्यातला आकडा काढून त्या भोकावर टेकवला होता. जरासा दाबला असता तर काम झालं असतं. संध्याकाळी ह्यांना सांगायचं, गाडी आता थांबणार नाही. पोस्टकार्ड गेलं होतं, पण दुसरं पाठवता आलं असतं. मी आकडा परत केसांत खोवला आणि झाकण लावून टाकलं. त्यानंतर तीन दिवस हे सहाव्या मैलावर थांबले. मी पोळ्या लाटत होते आणि रविवारची वाट बघत होते.

“तुमच्यासाठी, अण्णा,” मी म्हणाले. “तुम्हाला ते सगळ्यांपुढं…”

“मी तुला भोक मोकळं करायला शिकवलं होतं,” अण्णा म्हणाले. “माणसं बोलावून दाखवायला नाही.”

एसटी आली. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. बोरं तशीच होती. खणही तसाच होता.

तिसऱ्या दिवशी मामंजींनी न बोलता एक पाना माझ्यापुढं ठेवला आणि एका स्कूटरकडं मान वळवली. तिथनं पुढं एकेचाळीस वर्षं मी त्या गॅरेजमध्ये काम केलं. मामंजींच्या मागं ते माझ्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. दिवाणजींनी झाकणाची गोष्ट वखारीत सांगितली, टॅक्सीवाल्यांनी स्टँडवर. ड्रायव्हर पारावर बसून एकमेकांना विचारत, “काय रे, गाडी का थांबली? आक्कांनी कुंकू लावलं काय?”

पुढच्या खंडेनवमीला गॅरेजपुढं आमची गाडी आणि एक ट्रक, एवढंच. मी हात धुऊन आत गेले. आत्याबाईंनी तबक तयार ठेवलं होतं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. सगळं कोरडं. वर्षभरात त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नव्हत्या. बोलायचं झालं तर चुलीशी बोलत, मी ऐकून घेई.

त्यांनी तबक माझ्यापुढं धरलं.

“तुम्हीच लावा, आत्याबाई,” मी म्हणाले. “मामंजी बाहेर गेलेत. तुम्ही लावा, मी झाकणावर हात धरते.”

“आता धरतीस?”

मी तबकाला हात लावला, पण त्यांनी ते लगेच सोडलं नाही. आमच्या दोघींच्या मधे ते तसंच राहिलं.

“त्या मंगळवारी मी इथनंच बघत होते,” त्या म्हणाल्या. “खिडकीतनं. तू झाकण काढलंस, दोन्ही हातांत धरलंस, तोंडाशी नेलंस.” त्यांनी तबक सोडलं. “मला वाटलं, कुंकवाच्या पाया पडतीस.”